कोणी सांगितले, आणि केव्हा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



'परिचारिकेचे शिक्षण' या विषयावर मी चार शब्द बोलावे असे चिटणीसबाईंनी सुचविले, याबद्दल मी मंडळाची आभारी आहे. विषय मोठा आहे आणि मला वेळ अर्ध्या तासाचा मिळाला आहे. पलीकडच्या खोलीतून भज्यांचा वास येऊ लागल्यामुळे त्या अर्ध्या तासावरही आता माझा फारसा हक्क उरलेला नाही. तेव्हा सबंध शिक्षणाविषयी न बोलता, सध्या मी जे शिकत आहे त्याविषयीच बोलते. सध्या आम्हाला पचनसंस्था चालू आहे. खाण्याच्या आधी पोटाची माहिती घेणे तसे सोयीचेच आहे.

आपल्यापैकी पुष्कळजणी मला 'उपकेंद्रातल्या सिस्टर' म्हणून ओळखतात. बारा वर्षे मी एएनएम म्हणून काम केले. लसी टोचल्या, बाळंतपणे केली, पाथर्डीकडच्या वाड्यावस्त्यांवर पायी फिरले. आता बेचाळिसाव्या वर्षी मी जीएनएमच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास नाव घातले आहे. या अभ्यासक्रमास वयाची अट असते. परंतु जी आधीच एएनएम आहे तिला ती अट लागू नाही. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण आपल्या आळीत अशा आणखी दोघीतिघी आहेत आणि त्या 'आता कुठले शिक्षण' म्हणून घरी बसल्या आहेत. माझ्या वर्गातल्या मुली अठरा-एकोणीस वर्षांच्या आहेत. पहिला आठवडा त्यांनी मला 'मॅडम' म्हटले, दुसऱ्या आठवड्यात 'ताई', आणि आता सर्रास 'मावशी' म्हणतात. मला ते आवडते.

हाताने पुष्कळ केलेले असले तरी पुस्तकातून शिकणे निराळे असते. पुस्तके इंग्रजीत. लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला इलियम म्हणतात आणि कमरेच्या हाडालाही इलियमच म्हणतात. इंग्रजीत दोहोंमध्ये एका अक्षराचा फरक आहे, बोलण्यात काहीच नाही. रात्री वसतिगृहात आम्ही एकमेकींना प्रश्न विचारतो तेव्हा कोणते इलियम म्हणून पोटावर किंवा कमरेवर हात ठेवून दाखवावे लागते.

तर पोटाचे सांगते. आपण घास घेतो, तो दातांनी बारीक होतो, लाळेत कालवला जातो, अन्ननलिकेतून जठरात उतरतो. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. त्यात बहुतेक जंतू टिकत नाहीत. तेथून अन्न पातळ होऊन लहान आतड्यात येते. यकृताकडून पित्त येते, स्वादुपिंडाकडून पाचकरस येतो आणि पचनाचे खरे काम लहान आतड्यातच होते. बोलताना आपण सगळे 'पोटात' म्हणतो आणि हात जठरावर ठेवतो. पण स्वयंपाकघर म्हणायचे तर ते लहान आतडेच, जठर हे फार तर कोठीघर आणि पाटावरवंटा. पुढे मोठ्या आतड्यात उरलेले पाणी शोषले जाते. एवढे आपणा सर्वांना शाळेत असताना ठाऊक होतेच.

हे लहान आतडे लांब किती? आमच्या शाळेत एक पुस्तक चालते. ते रॉस आणि विल्सन या नावाने ओळखतात. मला बरेच दिवस वाटे की हे कोणी दोन साहेब असावेत. त्या दोघीही बायका निघाल्या, जॅनेट रॉस आणि कॅथलीन विल्सन. पुस्तकाची पहिली आवृत्ती १९६३ सालची. (हल्लीच्या आवृत्त्या ज्या सुधारून काढतात त्याही दोघी स्त्रियाच आहेत.) या पुस्तकात लहान आतड्याची लांबी पाच मीटरहून थोडी अधिक दिली आहे. ग्रंथालयात टॉर्टोरा यांचे दुसरे जाडजूड पुस्तक आहे. त्यात म्हटले आहे, जिवंत माणसात सुमारे तीन मीटर आणि मृतदेहात सुमारे साडेसहा मीटर. माझ्या वर्गातल्या एका मुलीने वैतागून विचारले, "मावशी, परीक्षेत लिहायचे काय?"

आमच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, "जे लिहाल त्यापुढे कोणत्या पुस्तकातून घेतले ते लिहा." फरकाचे कारणही त्यांनी सांगितले. आतड्याच्या भिंतीत स्नायू असतात. जिवंतपणी ते ताणलेले राहतात, म्हणून आतडे आखडून असते. मृत्यूनंतर ते सैल पडतात आणि आतडे लांबते. म्हणजे आकडा कोणी, कशावर मोजून काढला हे कळल्याशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नाही. येथून आमचा दुसरा अभ्यास सुरू झाला. त्याला संदर्भ देणे म्हणतात.

आम्हाला निबंध लिहावे लागतात. त्यात दुसऱ्याकडून घेतलेले प्रत्येक विधान आले की तेथे एक क्रमांक टाकावयाचा, आणि शेवटी त्या क्रमांकापुढे लेखकाचे आडनाव, मग नावाची आद्याक्षरे, ग्रंथाचे नाव, आवृत्ती, प्रकाशनाचे गाव, प्रकाशक, वर्ष व पृष्ठ. कोठे पूर्णविराम, कोठे अर्धविराम, हेही ठरलेले. या पद्धतीला व्हँकूव्हर पद्धत म्हणतात, कारण १९७८ साली वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक कॅनडातील व्हँकूव्हर शहरी जमले आणि त्यांनी सर्वांसाठी एक रीत ठरविली. तत्पूर्वी जितकी मासिके तितके प्रकार होते. अर्धविरामासाठी गुण कापले जातात तेव्हा मला अजूनही राग येतो. बारा वर्षे मी नाळ कापली, त्यात कोणी विरामचिन्हे पाहिली नाहीत!

आणि आडनावाआधी नाव नाही, ही रीत बायकांवर एक अन्याय करते तो सांगून ठेवते. माहेरच्या नावाने एक लेख लिहिला आणि लग्नानंतर सासरच्या नावाने दुसरा, तर यादीत त्या दोन निराळ्या बाया होतात. शिकणाऱ्या मुलींनी आपले लिखाणातले नाव एकदाच ठरवून घ्यावे.

यातला एक नियम मात्र मला फार पटला. एखादी गोष्ट मूळ लेखात स्वतः वाचली नसेल, दुसऱ्या कोणाच्या पुस्तकात तिचा उल्लेख वाचला असेल, तर तसेच लिहावयाचे. आपल्या घरांत हे रोज चालते. "तुमच्याबद्दल मामंजी असे म्हणाले," असे नणंद सांगते. तिला ते सासूबाईंनी सांगितलेले असते. आणि मामंजी बिचारे त्या वेळी बाजारात असतात. घरातली निम्मी भांडणे या एका नियमाने मिटतील.

ही रीत परकी आहे असेही कोणी समजू नये. आपल्याच जिल्ह्यात नेवासे येथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या अखेरीस काय नोंदले आहे? शके १२१२ हे वर्ष, सांगणाऱ्या ज्ञानेश्वरांचे नाव, आणि लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा यांचेही नाव. पुढे शके १५०६ मध्ये एकनाथांनी पोथीच्या प्रती ताडून ती शुद्ध केली, तेव्हा त्यांनीही आपले नाव व शक लिहून ठेवला. कर्ता, साल, लेखनिक, संशोधित आवृत्ती. आमच्या शिक्षिकाबाईंना यात काढण्यासारखे काही सापडणार नाही.

आता पुन्हा आतड्याकडे येते, कारण खरे सांगावयाचे ते पुढेच आहे.

आपण दिवसभरात सुमारे दोन लिटर पाणी व पातळ पदार्थ पितो. परंतु लहान आतड्यात दिवसाला सुमारे नऊ लिटर द्रव येतो. उरलेले सात लिटर आपल्याच शरीरातून आत सोडले जातात: लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस, आतड्याचा रस. नऊ लिटर म्हणजे भरलेली मोठी कळशी. त्यातले शंभर-दोनशे मिलिलिटर, म्हणजे एखादे फुलपात्र, तेवढे शौचावाटे जाते. बाकी सर्व शरीर परत घेते. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीवर लव असावी तसे बारीक रसांकुर असतात. त्यांच्यामुळे शोषणारी जागा कितीतरी पटींनी वाढते. रोज एक कळशी ओतावयाची आणि रोज ती परत भरून घ्यावयाची, असा हा व्यवहार आहे.

हगवण लागते तेव्हा हा व्यवहार बिघडतो. पटकीसारख्या रोगात जंतूंचे विष आतड्याला पाणी सोडावयास लावते, आणि परत घेणे मागे पडते. आठ किलोच्या मुलाच्या अंगातून आठशे मिलिलिटर पाणी गेले, म्हणजे चारच फुलपात्री, की त्याचा जीव धोक्यात येतो. अशा वेळी नुसते पाणी पाजले तर आतडे ते नीट घेत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला असेच दिसते की पाजले तितके बाहेर पडले. म्हणून आपल्या आज्या-पणज्या म्हणत, पाणी बंद करा. त्यांना कोणी अडाणी म्हणू नये. डोळ्यांना दिसले त्यावरून कोणीही हाच निष्कर्ष काढला असता.

डोळ्यांना न दिसणारे असे आहे. आतड्याच्या पेशींत एक दार आहे, त्यातून मीठ आणि ग्लुकोज साखर जोडीनेच आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी जाते. रॉबर्ट क्रेन नावाच्या शास्त्रज्ञाने १९६० साली प्राग येथील परिषदेत ही जोडी मांडली. विशेष हे की पटकीतसुद्धा हे दार बंद होत नाही. बाकीचे घर विस्कटलेले असते आणि हे एक दार उघडे असते. आपली घरातली साखरही चालते, कारण आतड्यात तिचे दोन तुकडे होतात आणि त्यातला एक ग्लुकोज असतो. १९५० साली प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिल्यापासून आपला जिल्हा साखरेचा म्हणून ओळखला जातो. साखर म्हणजे चहा, शिरा आणि मधुमेह एवढेच आपण समजतो. ती पाण्याला हाताला धरून आत नेते, हे मी यंदा शिकले.

सुट्टीत घरी गेले तेव्हा हे सारे मी आईला सांगत होते. आई सत्तरीची आहे, शाळेत गेलेली नाही. ती सूप घेऊन ज्वारी पाखडत ऐकत होती. माझ्या जन्मापूर्वी तिचा एक मुलगा गेला, हे मला ठाऊक होते. त्याविषयी घरात कधी बोलणे होत नसे. १९७९ साली आईवडील ऊसतोडीला जिल्ह्याबाहेर गेले होते. नऊ महिन्यांचे मूल कोपीत ठेवून आई फडात जाई. त्याला हगवण लागली. कोपीकोपींतल्या जाणत्या बायकांनी सांगितले, पाणी तोड, अंगावरचेही पाजू नको. दोन दिवस ते कोरड्या ओठांनी रडत होते, तिसऱ्या दिवशी रडणे थांबले. सभोवती ऊस उभा होता.

आईने सूप खाली ठेवले आणि विचारले, "तवा हे कुनालाच ठाव नव्हतं का गं?"

भगिनींनो, आईची समजूत घालणे सोपे होते. 'त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते,' एवढे म्हटले असते तर तिचे मन हलके झाले असते. परंतु माझ्या वहीत, निबंधासाठी, संदर्भांची यादी होती आणि प्रत्येक नावापुढे साल होते. मी तिला ती वाचून दाखविली.

१९५३: कलकत्त्याचे डॉक्टर हेमेंद्रनाथ चॅटर्जी. पटकीच्या १८६ रोग्यांना तोंडावाटे मीठ व ग्लुकोजचे पाणी देऊन बरे केल्याचे त्यांनी लंडनच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकात छापले. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९६०: ते मीठ-साखरेच्या जोडीचे. १९७१: बांगलादेशच्या युद्धातून लाखो निर्वासित बंगालमध्ये आले, छावण्यांत पटकी पसरली. सीमेजवळच्या बनगाव येथे शिरेतून द्यावयाच्या सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पाकिटे करविली, ती पाण्यात कालवून रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती दिली आणि पाजावयास सांगितले. पूर्वी शंभरांत तीस दगावत होते तेथे चारांहून कमी दगावू लागले. १९७३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. १९७८: त्याच 'लॅन्सेट'ने संपादकीयात लिहिले की हा या शतकातील वैद्यकाचा बहुधा सर्वांत महत्त्वाचा शोध ठरावा. महालनबीस २०२२ साली वारले. पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर, २०२३ साली जाहीर झाले.

आणि या यादीत आमच्या गावापासून फार दूर नसलेले जामखेडही आहे. डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तेथे काम सुरू केले. गावोगावच्या बायका निवडल्या, कित्येक अक्षरशत्रू, कित्येक दलित वस्तीतल्या, आणि त्यांना ग्रामआरोग्यसेविका म्हणून तयार केले. हगवणीच्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे, हे त्या बाया गावात घरोघर शिकवीत. १९७९ सालीच आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमचा बाळ गेला तेच साल.

आईला इसवी सन कळत नाही. ती बहात्तरच्या दुष्काळावरून काळ मोजते. तिने बोटे मोजली आणि म्हणाली, "म्हंजी दुष्काळाच्या आदीच ठाव व्हतं." मी हो म्हटले. ती पुढे काही बोलली नाही. सूप घेऊन पुन्हा पाखडू लागली. संध्याकाळी मात्र तिने मला जवळ बसवून ते जामखेडच्या बायांचे पुन्हा सांगावयास लावले, आणि त्यांना हे कोणी शिकविले, किती दिवस शिकविले, त्या आपल्यासारख्याच होत्या का, असे एकेक विचारले.

निबंधाला मला बरे गुण मिळाले. अर्धविरामाचा एक गुण गेला.

आता आपल्या उपयोगाचे. जलसंजीवनीच्या पाकिटाचा घटक म्हणून जुन्या पुस्तकात एका लिटरला मीठ साडेतीन ग्रॅम व ग्लुकोज वीस ग्रॅम सापडेल. नव्या पुस्तकात मीठ २.६ ग्रॅम आणि ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम. दोन्ही आकडे जागतिक आरोग्य संघटनेचेच आहेत. २००२ साली संघटनेने प्रमाण बदलले, कारण पातळ द्रावणाने उलट्या व जुलाब कमी होतात आणि सलाइन लावण्याची पाळी कमी येते असे दिसून आले. वर्ष न पाहता पुस्तकातून उतरवून घेणारी जुनेच प्रमाण शिकवीत राहील.

आणि ज्याला ना नाव ना साल, असे तर आपल्या मोबाइलवर रोज येते. मागच्या पावसाळ्यात आपल्याच आळीतल्या गटावर एक संदेश फिरत होता: जुलाब झाल्यास एक पेला पाण्यात चमचाभर मीठ. शेवटी 'सर्वांना पाठवा'. इतके मीठ तान्ह्या मुलाला दिले तर ते जिवावर बेतू शकते. पाठविणारीला मी विचारले, हे कोणी सांगितले? ती म्हणाली, आले होते. 'आले होते' हा काही लेखक नव्हे!

घरी करावयाचे असेल तर प्रमाण असे: उकळून गार केलेले एक लिटर पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. शीग लावावयाची नाही. मीठ जास्त होण्यापेक्षा किंचित कमी झालेले बरे. पाकीट असेल तर पाकीटच वापरावे, आणि ते किती पाण्याचे आहे हे त्यावर वाचावे, कारण बाजारात एका लिटरचेही मिळते आणि पेलाभराचेही. लिटरचे पाकीट थोडे थोडे पेल्यात घालू नये. सबंध एकदम कालवावे, चोवीस तासांनी उरलेले टाकून द्यावे. मुलाला चमचा-चमचा पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश. अंगावरचे पाजणे मुळीच थांबवू नये, खाणेही चालू ठेवावे. जस्ताच्या गोळ्या आपल्या आशाताईंकडे मिळतात, त्या चौदा दिवस पुऱ्या द्याव्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अर्धी गोळी, मोठ्याला एक. शौचात रक्त दिसले, डोळे खोल गेले, मूल पेंगुळले, पीत नाही किंवा लघवी झाली नाही, तर घरगुती उपायात वेळ न दवडता, वाटेत पाणी पाजत पाजत दवाखाना गाठावा.

हे प्रमाण मी माझ्या मनाने सांगितलेले नाही. कोणत्या पुस्तकातून, कोणत्या आवृत्तीतून व कोणत्या पानावरून घेतले ते एका कागदावर लिहून मी चिटणीसबाईंकडे दिले आहे. ज्यांना पडताळून पाहावयाचे असेल त्यांनी अवश्य पाहावे आणि काही निराळे आढळले तर मला कळवावे.

बाहेरच्या टेबलावर पाकिटे, लिटरचे मोजपात्र आणि चहाचे चमचे मांडले आहेत. भजी खाऊन झाल्यावर प्रत्येकीने एकदा आपल्या हाताने कालवून, चव घेऊन पाहावी. अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. आईही आली आहे. चमचे सपाट कसे भरावयाचे ते तीच दाखवील. माझ्यापेक्षा तिचा हात स्थिर आहे.